सुपरबग मारणारं नवं औषध सापडलं! ...मग ते जातं कुठे?

वाचनवेडी

दर काही महिन्यांनी एक बातमी हमखास येते. 'सुपरबगचा कर्दनकाळ सापडला', 'मातीतल्या जिवाणूने दिलं नवं अँटिबायोटिक', 'संगणकाने शोधलं औषध'. २०१५ च्या जानेवारीत टीक्सोबॅक्टिन आलं. त्याला दाद न देणारा जंतू शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत मुद्दाम प्रयत्न करूनही मिळाला नाही, असं तेव्हा वाचलं होतं. २०२० मध्ये हॅलिसिन, तेही मशीन लर्निंगने निवडलेलं. २०२३ मध्ये क्लोव्हिबॅक्टिन. प्रत्येक वेळी मी उत्साहाने चार जणांना बातमी पाठवते आणि पुढे त्या औषधाचं नाव एकाही चिठ्ठीवर दिसत नाही.

दुसरीकडे आकडे घाबरवणारे. लॅन्सेटमध्ये २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी थेट १२.७ लाख माणसं मारली. अशा संसर्गाचा काही ना काही हात असलेले मृत्यू धरले तर ४९.५ लाख.

औषधं सापडतायत, माणसं मरतायत, मग मधे अडतंय कुठे? कंपन्या दाबून ठेवतात, असं माझा भाऊ छातीठोकपणे सांगतो. मला ते पटत नाही, पण त्याला द्यायला उत्तरही नाही. या क्षेत्रातल्या मंडळींनी लिहावं.

खडूस_काका

प्रयोगशाळेतल्या बशीतले जंतू फिनेलनेही मरतात. नेटमध्ये शतकं ठोकणारे पुष्कळ पाहिले.

तिरपा_डोळा

काकांचा प्रतिसाद आला, आता धागा शंभरी गाठणार. खुर्ची घेऊन बसलो आहे.

पेट्रीबशी

काकांनी दोन ओळींत संपवलं, मी जरा पसरट लिहिते. याच कामात आहे, त्यामुळे राहवत नाही.

जंतू मारणं ही अवघड गोष्ट नाहीच. माणसाला धक्का न लावता मारणं अवघड. पेनिसिलिन इतकं गुणी का? ते जिवाणूची भिंत बांधू देत नाही आणि आपल्या पेशींना भिंतच नसते. असं नेमकं लक्ष्य दर वेळी हाती लागत नाही. बशीत उत्तम चालणारे बहुतेक रेणू इथेच गळतात. कोणी यकृताला बाधतो, कोणी मूत्रपिंडाला, कोणी रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतो आणि जंतूपर्यंत पोचतच नाही.

शिवाय बशीला मूत्रपिंड नसतं. पेनिसिलिनच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत हेच घडलं. फेब्रुवारी १९४१, ऑक्सफर्ड. अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई, चेहऱ्यावरचा संसर्ग अंगभर पसरलेला. फ्लोरी आणि चेन यांच्या गटाने पेनिसिलिन टोचलं आणि एका दिवसात सुधारणा दिसली. पण औषध शरीरात टिकेना, लघवीवाटे भराभर बाहेर पडू लागलं. मग काय, त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा त्यालाच टोचलं! तरी साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. औषध बरोबर होतं, जंतूही त्याने मरत होते, तरीही.

आता टीक्सोबॅक्टिनबद्दल. ते भिंतीच्या कच्च्या मालाला जाऊन चिकटतं, म्हणून त्याविरुद्ध बदल घडवणं जंतूला जड जातं. बातमी त्या अर्थी खरी होती. पण जिवाणूंचे ढोबळ दोन गट, ग्राम-पॉझिटिव्ह आणि ग्राम-निगेटिव्ह, त्यांतल्या ग्राम-पॉझिटिव्हवरच ते चालतं. आज रुग्णालयांची झोप उडवणारे असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास हे सगळे ग्राम-निगेटिव्ह. त्यांना भिंतीच्या बाहेर आणखी एक पटल असतं. मोठे रेणू त्यातून आत शिरत नाहीत आणि छोटे शिरलेच तर आतले पंप त्यांना बाहेर फेकतात. ते पटलच फोडणारं कोलिस्टिन आपल्याकडे आहे, पण ते मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून बरीच वर्षं मागे पडलं होतं. नाइलाजाने पुन्हा वापरात आलं आणि २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची बातमी आली. हे जनुक कोलिस्टिनला निकामी करतं आणि प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर) बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं.

गुळगुळीत_दगड

+१. प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

रात्रपाळी

मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ताईंनी लिहिलं ते नव्या औषधांबद्दल, पण जुन्या औषधांचंही तेच.

आम्ही काय करतो? रुग्णाच्या नमुन्यातला जंतू म्युलर-हिंटन आगरवर सारवतो, औषधाच्या चकत्या ठेवतो, रात्रभर ३५ अंशांवर उबवतो. सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि तक्त्यात बघून एस (औषध चालेल), आय (मधलं) किंवा आर (चालणार नाही) लिहायचं. १९६६ सालची ही किर्बी-बाउअर पद्धत, अजून जगभर चालते कारण स्वस्त आणि खात्रीची आहे.

पण एस लिहिलं म्हणजे रुग्ण बरा होणार असं नाही. पू साठला असेल तर निचरा केल्याशिवाय औषध काही करत नाही. जेंटामायसिनच्या गटातल्या औषधांना जंतूच्या आत शिरायला प्राणवायू लागतो आणि गळवात तो नसतोच. कॅथेटरवर जंतूंनी थर धरला असेल तर बशीत अगदी थोड्या मात्रेने मरणारा तोच जंतू तिथे कितीतरी पट औषध पचवतो. सर्वांत भारी उदाहरण डॅप्टोमायसिनचं. न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकस या जंतूवर बशीत एकदम कडक. न्यूमोनियाच्या चाचणीत मात्र ते उघडं पडलं. का? फुप्फुसं मिटू नयेत म्हणून आत जो सर्फॅक्टंटचा थर असतो, तो या औषधाला धरून ठेवतो आणि ते निकामी होतं. आता फुप्फुसाच्या संसर्गाला ते देत नाहीत, पण रक्तातल्या संसर्गाला देतात. जंतू तोच, औषध तेच, फक्त जागा वेगळी.

डॉक्टर फोन करून विचारतात, 'अहवालात एस आहे, मग ताप का उतरत नाही?' मी काय सांगणार? माझ्या बशीत रुग्ण नव्हता.

तिरपा_डोळा

'माझ्या बशीत रुग्ण नव्हता' हे आता मी सहीत टाकणार. हक्क सुरक्षित नाहीत असं गृहीत धरतो.

जुनी_बाटली

औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून नाण्याची दुसरी बाजू मांडतो. सगळे 'बशीत चालतं, शरीरात चालत नाही' यावर बोलत आहेत. उलटंही होतं, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

प्रॉन्टोसिल. लाल रंगाचं रसायन. गेरहार्ड डोमाक यांनी १९३२ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस टोचलेल्या उंदरांना ते दिलं आणि उंदीर वाचले. १९३५ साली निबंध छापला. गंमत अशी की परीक्षानळीत हे रसायन जंतूंचं काहीच वाकडं करत नाही. कोडं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याच वर्षी सुटलं. शरीर प्रॉन्टोसिलचे तुकडे करतं आणि त्यातला सल्फानिलामाइड हा बिनरंगी तुकडा खरं काम करतो. डोमाक यांनी आधी बशीत चाळणी लावून 'पास' झालेलेच रेणू उंदरांना दिले असते, तर सल्फा औषधं तेव्हा हाती लागली नसती.

दुसरं उदाहरण पायराझिनामाइड. क्षयाच्या उपचारातला आजही अविभाज्य भाग, सहा महिन्यांत उपचार आटोपतो तो बराचसा त्याच्यामुळे. जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात क्षयाच्या जंतूवर ते जवळपास निष्प्रभ. माध्यम आम्ल केलं तरच चालतं. तेही उंदरांमुळेच कळलं, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला.

म्हणून वाचनवेडी, तुमच्या प्रश्नाला माझा एक उपप्रश्न. जी औषधं बातमीत आलीच नाहीत, बशीत नापास झाली म्हणून कपाटात गेली, त्यांत किती चांगली होती?

पेट्रीबशी

सर, अगदी माझ्या मनातलं. अझिथ्रोमायसिनचं तर ताजं उदाहरण आहे. बहुऔषधरोधी ग्राम-निगेटिव्ह जंतूंवर त्याचा विचारही कोणी करत नाही, कारण जंतू वाढवायच्या नेहमीच्या रस्श्यात ते चालत नाही. २०१५ मध्ये एका गटाने तीच तपासणी माणसाच्या पेशी वाढवायच्या माध्यमात केली आणि सोबत एलएल-३७ घातलं. आपल्या पांढऱ्या पेशी आणि त्वचा जंतुनाशक पेप्टाइड बनवतात, त्यातलं हे एक. त्या स्थितीत अझिथ्रोमायसिनने हेच जंतू मारले. एलएल-३७ जंतूच्या बाहेरच्या पटलाला भोकं पाडतं आणि औषधाला आत वाट मिळते.

माझं स्पष्ट मत: आमच्या क्षेत्राने औषध आणि जंतू या दोघांचाच सामना वर्षानुवर्षं मोजला आणि तिसऱ्याला, म्हणजे रुग्णाच्या शरीराला, मुद्दाम बाहेर बसवलं. मुद्दाम हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. औषधाची मात्रा ठरवायला जी उंदराच्या मांडीची प्रमाणित चाचणी असते, तिच्यात आधी सायक्लोफॉस्फामाइड देऊन उंदराच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी संपवतात. औषधाचा निव्वळ परिणाम दिसावा म्हणून. शास्त्र म्हणून ते चोख आहे, पण औषध आणि प्रतिकारशक्ती एकत्र काय करतात हे त्यातून कळणारच नाही.

मंदाकिनी

मी या विषयातली नाही, म्हणून बाळबोध प्रश्न. मग जंतूंना शेवटी मारतं कोण? औषध की आपलं शरीर?

जुनी_बाटली

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. दोघंही, आणि वाटणी प्रत्येक वेळी वेगळी.

काही औषधं जंतू मारतात, काही फक्त त्यांची वाढ थांबवतात. टेट्रासायक्लिन, लिनेझोलिड ही सहसा दुसऱ्या गटात धरतात. वाढ थांबवणारी औषधं दुय्यम, असं आम्हीही विद्यार्थिदशेत घोकलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक संसर्गांत रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. जंतू वाढायचा थांबला की उरलेलं काम पांढऱ्या पेशी करतात. आपली अस्थिमज्जा दिवसाला साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते, ते काही बसून राहत नाहीत.

वाटणी बिघडते ती जिथे या पेशी पोचत नाहीत किंवा नसतातच तिथे. हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, मेंदूच्या आवरणाचा दाह, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी संपलेला रुग्ण. तिथे मारणारं औषधच निवडतात.

या पेशी जंतू गिळतात हा विचार मेचनिकॉफ यांचा. १८८२ मध्ये मेसिना इथे त्यांनी ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते पॉल एर्लिख यांच्या जोडीने. एकाचं म्हणणं पेशी महत्त्वाच्या, दुसऱ्याचं म्हणणं रक्तद्रवातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी). समितीने दोघांना एकाच बाकावर बसवलं.

गुळगुळीत_दगड

अवांतर: ताप हाही प्रतिकाराचाच भाग ना? १९७५ मध्ये सायन्स या नियतकालिकात वाळवंटी इग्वानांचा प्रयोग आला होता. सरड्यांच्या जातीचे, त्यामुळे शरीराचं तापमान बाहेरच्यावर अवलंबून. जंतू टोचून काहींना ४२ अंशांवर ठेवलं, काहींना ३४ वर. उबेतले बहुतेक जगले, थंडाव्यातल्यांत मृत्यू कितीतरी जास्त.

खडूस_काका

इग्वानाला पॅरासिटामॉल कोणी दिलं नाही हे त्याचं नशीब.

हट्टी_खेचर

सगळं छान चाललंय पण मूळ दुखणं लोकांचंच आहे. दोन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद करतात. कोर्स अर्धवट सोडला की जंतू शहाणे होतात. नवी औषधं आणून तरी काय होणार?

रात्रपाळी

खेचरभाऊ, हे आम्हीही भिंतीवरच्या पोस्टरवर लावलं होतं. पण पुरावा वाटतो तितका सरळ नाही. २०१७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात लुएलिन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की 'कोर्स पूर्ण करा नाहीतर रोध (औषधाला दाद न देणं) वाढेल' याला फारसा आधार नाही. उलट औषध जितके जास्त दिवस, तितके आतड्यातल्या आणि त्वचेवरच्या निरपराध जंतूंतले दाद न देणारे जास्त उरतात. पुढे संधी मिळाली की त्यातलेच रोधक जंतू त्रास देतात. साध्या न्यूमोनियाला पूर्वी १०-१४ दिवस द्यायचे, आता रुग्ण सुधारत असेल तर बरेचदा ५ दिवस पुरतात.

हट्टी_खेचर

म्हणजे मनाला येईल तेव्हा थांबवा? धन्य आहे. क्षयाच्या रुग्णाला हे सांगून बघा.

रात्रपाळी

मनाला येईल तेव्हा नाही हो. किती दिवस ते डॉक्टर ठरवतात, आपण मधेच सोडायचं नाही. मुद्दा एवढाच की डॉक्टरांनी ठरवलेले दिवसही कमी होत चालले आहेत, आणि ते योग्य आहे. क्षयाला तर हे लागूच नाही, तिथे मधे सोडणं खरंच घातक.

जुनी_बाटली

क्षय वेगळा का, हे सांगितल्याशिवाय हा वाद मिटणार नाही.

क्षयाचा जंतू जंतू गिळणाऱ्या आपल्या मॅक्रोफेज पेशींच्या आतच राहतो. पेशी त्याला गिळते, पण तो ज्या पिशवीत असतो तिला पाचक रसांच्या पिशवीशी जुळू देत नाही. वर वाढ अतिशय मंद. पसरलेल्या रोगात जंतूंची संख्या प्रचंड, म्हणजे कुठल्याही एका औषधाला दाद न देणारे काही त्यांत आधीपासून असतातच. रोधक उत्परिवर्तनं औषध येण्याआधीच घडलेली असतात, औषध त्यांना फक्त निवडतं. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये फाजच्या (जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या) बाबतीत दाखवलं ते हेच. १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने एकट्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी छापली. रुग्ण आधी झपाट्याने सुधारले आणि मग त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत रोधक जंतू वर आले. म्हणून पुढे जोडी आणि आता चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, नंतर चार महिने कमी. चारही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू आपोआप सापडणं जवळपास अशक्य.

तेव्हा खेचर यांचं म्हणणं क्षयाबाबत शंभर टक्के खरं. ते सगळ्या संसर्गांना लावलं की चुकतं.

हट्टी_खेचर

हे मान्य. (टोपणनाव बदलणार नाही.)

कोराकागद

फाजचं नाव आलंच आहे तर... जिवाणूंना मारणारे विषाणू असताना औषधांच्या मागे का लागायचं? शोधही आपल्याकडचाच. हँकिन या इंग्रज अधिकाऱ्याने १८९६ मध्ये लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात.

पेट्रीबशी

हँकिनने निरीक्षण छापलं हे खरं. ते फाजमुळेच होतं हे त्याने दाखवलं नव्हतं, तेव्हा कोणी दाखवूही शकलं नसतं. श्रेय ट्वॉर्ट (१९१५) आणि डेरेल (१९१७) यांनाच जातं. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीच्या संस्थेने फाज उपचार कधी सोडलेच नाहीत. आणि २०१६ मध्ये अमेरिकेत टॉम पॅटरसन या प्राध्यापकांना असिनेटोबॅक्टरच्या संसर्गातून फाज टोचून वाचवलं, तेव्हा पुन्हा सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ, त्यांनीच शास्त्रज्ञांना पत्रं लिहून फाज मिळवले.

पण फाज नेमक्या जातीलाच मारतो. प्रत्येक रुग्णाच्या जंतूवर चालणारा फाज शोधा, शुद्ध करा, पुढे जंतू बदलला की पुन्हा शोधा. शिवाय आपलं शरीर फाजविरुद्धही प्रतिद्रव्यं बनवू शकतं. तिसरा गडी इथेही आहेच.

तिरपा_डोळा

शरीराचं म्हणणं: आलेला प्रत्येक पाहुणा मीच हाकलणार, मदतीला आलेलाही.

वाचनवेडी

केवढं वाचायला मिळालं! सगळ्यांचे आभार. पण माझा भाऊ अजून जिंकतोय. कंपन्यांचं कोणीच बोललं नाही.

रात्रपाळी

भावाला अकाओजेनची गोष्ट सांगा. या कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रोधक ग्राम-निगेटिव्ह जंतूंवरचं औषध, म्हणजे अगदी गरजेचं. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दाबून ठेवणं सोडा, औषध बाजारात आणून कंपनी बुडाली.

कारण उघड आहे. नवं प्रभावी अँटिबायोटिक आलं की शहाणा डॉक्टर ते राखून ठेवतो, अगदीच अडलं तर वापरतो. वापरलं तरी आठवडा-दोन आठवडे. रक्तदाबाची गोळी रोज, आयुष्यभर. गुंतवणूकदार कुठे जाईल? इंग्लंडने २०२२ मध्ये यावर वेगळा उपाय सुरू केला. सेफिडेरोकोल आणि सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम या दोन औषधांसाठी कंपनीला वर्षाची ठरावीक रक्कम द्यायची, औषध किती खपलं याच्याशी संबंध नाही. माझ्या मते दिशा बरोबर आहे, पण एकट्या देशाने करून भागणार नाही.

खडूस_काका

म्हणजे जे औषध वापरायचं नाही ते बनवायला पैसे द्यायचे. सरकारांना हे जमायला हवं, अनुभव आहे.

वाचनवेडी

काका, हसून हसून पुरेवाट. आता शेवटचं. पुढची बातमी आली की मी काय बघू?

पेट्रीबशी

आधी बघा की ग्राम-निगेटिव्हवर चालतं का. मग बशीत, उंदरात की माणसात. उंदरात असेल तर कुठे? हॅलिसिनने असिनेटोबॅक्टर मारला तो उंदराच्या कातडीवरच्या जखमेत, मलमासारखं लावून. रक्तात किंवा फुप्फुसात तेच होईल असं धरता येत नाही. टीक्सोबॅक्टिनला तर दहा वर्षं उलटून गेली, बाजारात अजून नाही.

मला स्वतःला झोसुराबाल्पिनबद्दल उत्सुकता आहे. २०२४ च्या जानेवारीत नेचरमध्ये आलं. ग्राम-निगेटिव्हच्या बाहेरच्या पटलाचा मुख्य घटक आत तयार होतो आणि एका यंत्रणेतून बाहेर पोचवला जातो, हे औषध ती वाहतूकच अडवतं. म्हणजे आजवर ज्या पटलाने आम्हाला दारात अडवलं, त्याच्याच बांधकामावर घाव. चालतं फक्त असिनेटोबॅक्टरवर, आणि मला तो गुण वाटतो, कारण आतड्यातले बाकीचे जंतू सुटतात. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. बातमीत हे कमी दिसलं, कारण नाव उच्चारता येत नाही.

मंदाकिनी

आणखी एक बाळबोध प्रश्न: बुरशीवरची औषधं इतकी थोडी का?

पेट्रीबशी

बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या फार जवळची, त्यामुळे तिला बाधेल आणि आपल्याला बाधणार नाही असं लक्ष्य शोधणं आणखी कठीण. त्यात २००९ मध्ये जपानमधून प्रथम वर्णन झालेली कँडिडा ऑरिस आहे, तिचे काही प्रकार तिन्ही मुख्य गटांतल्या औषधांना दाद देत नाहीत. आणि शेतात फवारलेल्या अझोल बुरशीनाशकांनी अ‍ॅस्परजिलस या बुरशीत वाढवलेला रोध, हा तर वेगळाच तिढा. यावर वेगळा धागा काढा, इथे टंकाळा आला.

तिरपा_डोळा

काढला. नाव ठेवलंय 'बुरशी: जवळचे नातेवाईक आणि त्यांचे ताप'. काका, पहिला प्रतिसाद तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

खडूस_काका

आलोच.